यांत्रिक रीड ऑर्गन आणि संगीतावरील स्वामित्वहक्काचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संग्रहालयातील यांत्रिक वाद्य म्हटले की भारतीय वाचकाला प्रथम आठवतो तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील टिपू सुलतानचा वाघ. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर इंग्रजांच्या हाती लागलेल्या या लाकडी वाघाच्या पोटात हाताने चालणारा एक लहान ऑर्गन बसविलेला आहे. मात्र त्यातील स्वर नळ्यांतून निघतो. ज्या यांत्रिक ऑर्गनांत स्वर धातूच्या रीडमधून निघतो, त्यांचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला आहे. ही वाद्ये राजेरजवाड्यांची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील आणि युरोपातील सामान्य कुटुंबांनी ती थोड्या पैशांत विकत घेतली होती. आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आणि न्यू जर्सी राज्यातील मॉरिसटाउन येथील मॉरिस संग्रहालयात अशी वाद्ये पाहावयास मिळतात. मॉरिस संग्रहालयाला २००३ मध्ये मर्टॉ गिनेस यांचा यांत्रिक वाद्ये व स्वयंचलित बाहुल्यांचा संग्रह लाभला. त्यात सातशेहून अधिक वस्तू आहेत.

काचेच्या कपाटातील ही लहानशी पेटी पाहणाऱ्याला खेळण्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिने कायद्यापुढे एक अवघड प्रश्न उभा केला. कागदाला पाडलेल्या छिद्रांत गाणे असते काय? आणि असल्यास ते कोणाचे? प्रस्तुत लेखात या वाद्याची रचना, त्यातून उद्भवलेले न्यायालयीन वाद आणि भारतीय स्वामित्वहक्क कायद्याशी त्या वादांचा असलेला संबंध यांचा मागोवा घेण्यात आला आहे.

मुक्त रीडची परंपरा

रीड म्हणजे एका टोकाला घट्ट बसविलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली धातूची पातळ पट्टी. हवेचा झोत तिच्यावरून गेला की ती आपल्या चौकटीतील फटीतून आतबाहेर कंप पावते आणि स्वर उमटतो. पट्टीची लांबी व जाडी यांवर स्वराची उंची ठरते. या तत्त्वाचे मूळ पूर्व आशियात आहे. चीनमधील शेंग हे वाद्य त्याचे प्राचीन उदाहरण होय. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रात्सेनश्टाइन या शास्त्रज्ञाने मानवी स्वरोच्चाराचे अनुकरण करणाऱ्या नळ्यांत मुक्त रीडचा वापर केला. पुढे १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबाँ याने ‘हार्मोनियम’ या नावाने आपल्या वाद्याचे पेटंट घेतले. महाराष्ट्राच्या घराघरांत आणि कीर्तनाच्या फडात स्थिरावलेली बाजाची पेटी, तसेच संगीत रंगभूमीवर नटाच्या गाण्याला साथ करणारा पायाने भाता मारावयाचा ऑर्गन, ही दोन्ही वाद्ये याच कुळातील आहेत.

युरोपीय हार्मोनियममध्ये भात्याने दाबलेली हवा रीडमधून बाहेर ढकलली जाते, तर अमेरिकी रीड ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढून घेतो. मॅसॅच्युसेट्स व व्हरमाँट राज्यांतील कारखान्यांनी हे वाद्य फार मोठ्या संख्येने तयार केले. चर्चमध्ये आणि घरातील दिवाणखान्यात ते प्रतिष्ठेचे मानले जाई. परंतु वाद्य घरात आले तरी ते वाजविणारा माणूस घरात असेलच असे नव्हते. यांत्रिक रीड ऑर्गनाचा जन्म या उणिवेतून झाला.

वाद्याची रचना आणि कार्यपद्धती

या वाद्यांचे मुख्यतः दोन प्रकार दिसून येतात. पहिला प्रकार कागदी पटावर चालणारा. पेटीच्या बाजूचे हँडल फिरविले की दोन कामे एकाच वेळी होतात : भाता हलून हवा ओढली जाते आणि छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी पुढे सरकते. कागद रीडच्या तोंडांवरून जात असतो. कोरा कागद तोंड झाकून ठेवतो. छिद्र तोंडावर आले की हवेला वाट मिळते व ती रीड बोलू लागते. छिद्र जितके लांब तितका स्वर दीर्घ. अशा लहान वाद्यांत बहुधा चौदा स्वर असत. छिद्रांनी यंत्राला आज्ञा देण्याची ही कल्पना नवी नव्हती. जाकार याच्या मागात (१८०४) छिद्रित पत्त्यांच्या साहाय्याने कापडावरील नक्षी विणली जात असे.

दुसऱ्या प्रकारात कागदाऐवजी लाकडी रूळ असतो. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील ऑटोफोन कंपनीचे ‘जेम’ हे वाद्य या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण होय. त्यात वीस स्वर असत. रुळावर धातूच्या बारीक खिळ्या ठोकलेल्या असतात. रूळ फिरताना खिळ्या लहान पट्ट्या उचलतात व त्या पट्ट्यांना जोडलेल्या झडपा उघडतात. खिळ्यांनी भरलेला हा रूळ मक्याच्या कणसासारखा दिसतो. इंग्रजीत त्याला मिळालेले लोकप्रिय नावही कणसावरूनच पडले. रूळ फिरता फिरता किंचित बाजूला सरकतो, त्यामुळे खिळ्यांची रांग मळसूत्री पद्धतीने उलगडते आणि तीन फेऱ्यांत एक गीत पूर्ण होते. सीअर्स रोबक कंपनीच्या टपालविक्रीच्या सूचीतून हे वाद्य दूरच्या शेतवस्त्यांपर्यंत पोहोचले. त्याच्या रुळांत ख्रिस्ती भक्तिगीतांचा वाटा मोठा होता. ज्या वस्तीत ऑर्गन वाजविणारा कोणी नव्हता, तेथे एखादे मूलही हँडल फिरवून भक्तिगीताची साथ देऊ शके.

जर्मनीतील लाइपझिग येथे पाउल एर्लिश याने पुठ्ठ्याच्या गोल तबकडीवर चालणारे ‘अॅरिस्टन’ हे चोवीस स्वरांचे वाद्य प्रचारात आणले. न्यूयॉर्कमध्ये १८७८ मध्ये स्थापन झालेली मेकॅनिकल ऑर्ग्विनेट कंपनी पुढे एओलियन या नावाने जगप्रसिद्ध झाली. कागदी पटाचे हेच तत्त्व नंतर पियानोला लावण्यात आले.

या रचनेतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. पटावर किंवा रुळावर स्वरांचा क्रम आणि त्यांच्या लांबीचे परस्पर प्रमाण नोंदलेले असते. लय मात्र हँडल फिरविणाऱ्याच्या हातात असते. चौदा किंवा वीस स्वरांत बसविण्यासाठी मूळ चालीची पट्टी बदलावी लागे, मधले स्वर गाळावे लागत, साथीचे स्वर कमी करावे लागत. म्हणजे पट तयार करणारा कारागीर हा एका अर्थाने संपादकच होता. संग्रहालयाच्या दृष्टीने हे वाद्य म्हणूनच दुहेरी पुरावा ठरते. त्या काळी कोणती गीते घरोघरी ऐकली जात हे ते सांगते, तसेच ती कोणत्या स्वरूपात ऐकली जात हेही सांगते. परंतु ती किती जलद किंवा विलंबित गतीने वाजत, याविषयी ते मौन बाळगते.

मॅकटॅमनी आणि १८८८ चा खटला

कागदी पटाच्या वाद्याशी जॉन मॅकटॅमनी (१८४५–१९१५) याचे नाव विशेषत्वाने जोडले गेले आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला मॅकटॅमनी अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला व १८६३ मध्ये जखमी झाला. प्रकृती सुधारत असताना एक बिघडलेली संगीतपेटी दुरुस्त करण्याचा प्रसंग आला आणि त्यातूनच यांत्रिक वादनाची कल्पना सुचली, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. १८८१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. तथापि पैशाअभावी आपल्या शोधाचे हक्क तो टिकवू शकला नाही. छिद्रित कागदाचा उपयोग करणारे मतदान यंत्रही त्याने तयार केले होते. या क्षेत्रातील आपला अग्रक्रम सिद्ध करण्यासाठी लिहिलेला त्याचा ग्रंथ १९१५ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. तो विपन्नावस्थेत वारला.

स्वतःच्या शोधाचा हक्क गमावलेल्या याच मनुष्यावर दुसऱ्याच्या गीताचा हक्क हिरावल्याचा आरोप झाला, हा इतिहासातील एक विरोधाभास म्हणावा लागेल. मॅकटॅमनी याने एका लोकप्रिय गीताचे छिद्रित पट तयार केले. त्या गीताचा स्वामित्वहक्क असलेल्या पक्षाने मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात दावा लावला. १८८८ मध्ये न्यायमूर्ती कोल्ट यांनी दावा फेटाळला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, छापील स्वरलिपी वाचण्यासाठी असते, तर छिद्रित कागद हा वाद्याचा भाग आहे. तो वाचून कोणी गात नाही. म्हणून तो स्वरलिपीची प्रत ठरत नाही.

या निर्णयामागे तत्कालीन आंतरराष्ट्रीय धोरणाचीही पार्श्वभूमी होती. १८८६ च्या बर्न कराराच्या अंतिम मसुद्यात, यांत्रिक वाद्ये तयार करणे व विकणे हा संगीताच्या स्वामित्वहक्काचा भंग मानला जाणार नाही, असे कलम घालण्यात आले होते. संगीतपेट्यांचा उद्योग भरभराटीस आलेल्या स्वित्झर्लंडच्या हिताचा विचार त्यामागे होता. अमेरिका त्या करारात सामील नव्हती. तरीही यंत्राने वाजविलेले गाणे हे छापील गाण्याहून वेगळे, ही समजूत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर सारखीच होती. इंग्लंडमध्ये बुझी विरुद्ध व्हाइट या खटल्यात अपील न्यायालयाने याच दिशेने निर्णय दिला (१९००). तेथे वाद एओलियन या यांत्रिक रीड ऑर्गनच्या पटांविषयीच होता.

१९०८ चा निर्णय आणि दोन सेंटची तडजोड

दरम्यान व्यवसायाचे स्वरूप बदलले. पियानो वाजविणारी यंत्रे बाजारात आली आणि गाण्यांचे पट हा स्वतंत्र उद्योग बनला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या नोंदीनुसार १९०२ मध्ये त्या देशात सत्तर ते पंच्याहत्तर हजार यंत्रे वापरात होती आणि त्या एका वर्षात दहा ते पंधरा लाख पट तयार झाले. या पटांच्या विक्रीतून संगीतकाराला एक पैही मिळत नव्हती. १९०६ मध्ये बँडनायक व संगीतकार जॉन फिलिप सूझा याने नियतकालिकातील लेखातून यांत्रिक संगीतावर कठोर टीका केली आणि कायदेमंडळाच्या समितीसमोर साक्षही दिली. त्याची तक्रार दुहेरी होती. एक, संगीतकाराचे उत्पन्न बुडते. दोन, घरोघरी होणारे हौशी गायनवादन नष्ट होते. यांपैकी पहिल्या तक्रारीवर कायदा इलाज करू शकत होता. दुसरीवर कोणताही कायदा उपाय करू शकत नव्हता.

व्हाइट–स्मिथ विरुद्ध अपोलो या खटल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९०८ रोजी दिला. वाद अॅडम गाइबेल या संगीतकाराच्या दोन गीतांच्या पटांविषयी होता. न्यायमूर्ती डे यांनी १८८८ चा मॅकटॅमनीविषयक निर्णय आणि इंग्लंडमधील निर्णय यांचा आधार घेतला. प्रत म्हणजे मनुष्याला डोळ्यांनी वाचता येईल अशी नोंद, हा त्यांचा निकष होता. छिद्रित पट त्या निकषात बसत नसल्याने प्रकाशकाचा दावा फेटाळण्यात आला. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालाशी सहमती दर्शविली. परंतु स्वतंत्र टिपणात त्यांनी मुद्दा उलटा मांडला. तत्त्वतः पाहता, स्वरांची तीच रचना यंत्राद्वारे पुन्हा ऐकविणारी कोणतीही वस्तू ही प्रतच मानावयास हवी. कायद्याची भाषा तोकडी असेल तर ती कायदेमंडळाने सुधारावी.

कायदेमंडळाने पुढच्याच वर्षी ते केले. मात्र त्यात एक अडचण होती. एओलियन कंपनीने अनेक प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला असता तर पटांचा बाजार एकाच कंपनीच्या मुठीत गेला असता. संगीतकाराला न्याय देताना मक्तेदारीला बळ मिळू नये, हा पेच होता. १९०९ च्या कायद्याने त्यावर मध्यम मार्ग काढला. यांत्रिक पुनरुत्पादनाचा हक्क संगीतकाराला देण्यात आला. परंतु त्याने एकदा एका उत्पादकाला परवानगी दिली की अन्य कोणताही उत्पादक प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन तेच गीत वापरू शकेल, अशी सक्तीच्या परवान्याची तरतूद करण्यात आली. दोन सेंटचा हा दर १९७८ पर्यंत बदलला नाही. बर्न कराराच्या १९०८ च्या बर्लिन येथील सुधारणेतही यांत्रिक पुनरुत्पादनाचा हक्क मान्य झाला होता.

न्यायमूर्ती डे यांचा निकष मात्र कायमचा टिकला नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने, कृती प्रत्यक्ष अथवा यंत्राच्या साहाय्याने जाणता येत असेल तरी तिला संरक्षण दिले. १९८३ मध्ये अॅपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात, केवळ यंत्राला वाचता येणारी संगणकीय आज्ञावलीही संरक्षणास पात्र आहे असे अपील न्यायालयाने ठरविले. मॅकटॅमनीच्या छिद्रांविषयीचा प्रश्न अशा रीतीने संगणकाच्या दारात येऊन सुटला.

भारतीय संदर्भ

या इतिहासाचे भारताशी असलेले नाते केवळ तात्त्विक नाही. ब्रिटिश संसदेच्या १९११ च्या कायद्यात ध्वनिमुद्रिकांच्या जोडीला छिद्रित पटांचाही स्पष्ट उल्लेख होता आणि १९१४ च्या कायद्याने तो काही फेरफारांसह भारतात लागू झाला. म्हणजे यांत्रिक ऑर्गनाच्या पटाने निर्माण केलेली संज्ञा भारतीय विधिव्यवस्थेत प्रत्यक्ष येऊन दाखल झाली. सक्तीच्या परवान्याची कल्पना १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातही वेगळ्या रूपात टिकून राहिली. २०१२ च्या दुरुस्तीने त्याऐवजी कलम ३१ क (इंग्रजी मसुद्यात ३१ सी) आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय त्या गीताची नवी आवृत्ती काढता येत नाही आणि प्रत्येक वर्षी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी द्यावी लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा संगीतकृतीच्या व्याख्येचा आहे. १९५७ च्या कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा आलेखरूपाने नोंदलेली स्वररचना, असा अर्थ होता. ‘डोळ्यांना वाचता येते तेच संगीत’ हा निकष येथेही ठाण मांडून बसला होता. पाश्चात्त्य संगीतात रचनाकार आधी लिहितो व मग वादक वाजवितो. त्यामुळे तेथे हा निकष निदान समजण्यासारखा होता. भारतीय संगीत मात्र गुरूच्या मुखातून शिष्याच्या गळ्यात उतरते. १९११ साली रंगमंचावर आलेल्या ‘संगीत मानापमान’ नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चाली नटाने ऐकून उचलायच्या व प्रेक्षकांनी कानांत साठवून घरी न्यायच्या होत्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी अनेक घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत बद्ध केल्या. परंतु असंख्य चाली कागदावर उतरल्याच नाहीत. अशा संगीताला लिखिताची अट लावणे म्हणजे त्याच्या स्वभावालाच नाकारणे होय.

१९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपणात या विसंगतीकडे लक्ष वेधले. श्रोत्याला भावणारी सुरेल चाल आणि गायकाचा आवाज कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात व केवळ लिखित आराखडा आत येतो, अशी खंत त्यांनी मांडली. १९९४ च्या दुरुस्तीने व्याख्या बदलली. आता संगीतकृती म्हणजे संगीताची बनलेली कृती, आणि तिची स्वरलिपी हा तिचा केवळ एक संभाव्य भाग. होम्स यांनी १९०८ मध्ये मांडलेला विचार भारतीय संगीताच्या बाबतीत अशा प्रकारे ८६ वर्षांनी कायद्यात उतरला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, यांत्रिक रीड ऑर्गन हे वादकाची जागा घेणारे वाद्य म्हणून जन्माला आले. परंतु त्याचा दीर्घकालीन परिणाम वादकापेक्षा रचनाकारावर अधिक झाला. दुसरा, प्रतीच्या व्याख्येविषयीचा वाद हा वरवर शब्दार्थाचा वाटला तरी त्यात संगीतकाराची उपजीविका आणि उत्पादकांची मक्तेदारी असे दोन्ही प्रश्न गुंतलेले होते, आणि १९०९ ची तडजोड या दोन्हींचा तोल सांभाळण्यासाठी होती. तिसरा, लिहिलेले तेवढेच संगीत ही धारणा लिखित परंपरेत जन्मली. ती मौखिक परंपरेच्या देशात तशीच आणली गेल्यामुळे येथील कलावंतांचे नुकसान अधिक खोल होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे साधनांविषयीही एक धडा मिळतो. या वादांतील निकालपत्रे ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. तथापि छिद्रित कागद ही प्रत आहे की यंत्राचा भाग, हा प्रश्न निकालपत्र वाचून जेवढा कळतो त्याहून अधिक तो पट वाद्यावर चढविल्यावर कळतो. कोरा कागद हातात घेतला तर त्यात गाणे दिसत नाही. हँडल फिरविले की ते ऐकू येते, आणि ऐकणारा ते ओळखतो. न्यायालयांना जे मान्य करावयास अनेक दशके लागली, ते त्या घरातील मुलाला पहिल्याच फेऱ्यात उमगले असणार. महाराष्ट्रातील जुन्या नाटक मंडळ्यांचे ऑर्गन, घराघरांतील पेट्या आणि त्यांवर वाजलेल्या चालींच्या हस्तलिखित वह्या आजही अनेक ठिकाणी धूळ खात पडलेल्या असतात. वाद्य आणि वही यांची एकत्र नोंद करून ती जतन करणे, हे महाविद्यालयीन इतिहास व संगीत विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. कायदा बदलला म्हणून हरवलेल्या चाली परत येत नाहीत. ज्या उरल्या आहेत त्या मात्र राखता येतील.